माशांचे भाव

डबे गुंटकलला बदलले असणार, असं इलाही नदाफ म्हणायचा.
आम्हाला हवा होता तेलुगू, मारामारीचा;
कन्ना चौकात पोस्टर लागलेलं, तलवारीसकट.
आणि पडद्यावर आला एक जाडा माणूस,
होडीत हार्मोनियम घेऊन बसलेला.
होडी बुडत होती. तो सूर लावत होता.

पहिल्या दहा मिनिटांत तीन भाषांत शिव्या झाल्या.
चौथी पडद्यावर चालली होती, तिचं कुणालाच काही कळेना.
साखर पेठेतली पोरं रेक्झिन फाडत म्हणाली, पैसे परत.
मॅनेजर बुर्ला दारात घामेघूम:
"बसा की ओ. गाणी हायती. बारा हायती."

माझे नान्ना उठले नाहीत.
एकवीस वर्षं लूमची खटखट पिऊन
त्यांचे कान त्यांच्या आधीच रिटायर झालेले.
कारखान्यात सगळे ओठांवरूनच ऐकतात:
पगार, शिवी, कुणाच्या पोरीचं लग्न.
तेलुगू, कन्नड, मराठी आणि हे जे काय होतं ते,
नान्नांना सगळं एकाच नंबरचं सूत.
हार्मोनियमवाल्यानं भुवई उचलली
आणि नान्नांना कळलं, हा आता खोटं बोलणार.
ते हसले. एकटेच. फार मोठ्यांदा.
स्वतःचा आवाज मोजायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून दुसरं हसू आलं.
सिव्हिलची सिस्टर शोशाम्मा.
रात्रपाळीनंतर झोप येत नसे म्हणून
कुठल्याही पिक्चरला बसायची, कुठल्याही भाषेच्या,
आणि अर्ध्यात मान टाकून झोपायची.
त्या दिवशी ती खुर्चीच्या टोकावर होती.
मांडीवरची पर्स खाली पडली तरी तिला पत्ता नव्हता.

मग थिएटरला रीत सापडली.
चेहऱ्यावरचा विनोद असला की नान्नांच्या मागून हसायचं,
शब्दातला असला की सिस्टरच्या मागून.
विडीवाल्या बायका मध्यंतरात येऊन
तिच्या आसपासच्या खुर्च्या धरू लागल्या,
चुलीजवळ बसतात तशा.

आठवं गाणं बाजारातलं.
जाडा माणूस डोक्यावर टोपली घेऊन नाचतोय,
मागे दोन पोलीस, एक न्हावी, एक बदक.
टोपलीतून पाणी गळून त्याच्या नाकावर.
सगळं थिएटर पाय आपटत होतं,
मी खुर्चीवर उभा.
नान्ना हसता हसता थांबले, मागात धागा तुटावा तसे.
ते पडद्याकडे बघत नव्हते.
सिस्टरचे ओठ हलत होते, गाण्याच्या बरोबरीनं,
आणि हनुवटीवरून पाणी.

बाहेर सायकल स्टँडवर नान्नांनी मला ढकललं: विचार.
"काही नाही रे," ती म्हणाली, "त्यात माशांचे भाव आहेत.
मत्ती रुपयाला पंधरा, अयला रुपयाला सहा,
करिमीनला हात लावू नका, तो दारोगाच्या घरचा."
हसली. कुलूप काढलं. सायकलवर बसली
आणि एक पाय जमिनीवर ठेवून म्हणाली,
"भाव जुने आहेत. मी निघाले तेव्हाचे."

तिकडं म्हणे तो पिक्चर दोनशे दिवस चालला.
आमच्याकडे आठ. मग तलवारवाला आला,
त्यात कुणी फारसं रमलं नाही.

परवा फोनवर सापडला, खाली मराठी अक्षरं येणारा.
नान्नांना दाखवला. आता डोळेही अधू,
पडदा तळहाताएवढा.
होडी बुडाली, न्हावी आला,
प्रत्येक वाक्याचा अर्थ खाली शिस्तीत उमटत गेला.
आठव्या गाण्याला मात्र नुसतं लिहून आलं:
संगीत.

नान्नांनी काचेवर बोट ठेवलं, बरोबर टोपलीवर.
"मत्ती," ते म्हणाले. "रुपयाला पंधरा."
एवढ्या मोठ्यांदा, की समोरच्या घरातली बाई
पिशवी घेऊन दारात आली.